ट्रॅफिकमध्ये एसी गार करत नाही, गॅस भरू का?

*शनिवार*

बी-२०४: नमस्कार मंडळी. गाडीच्या एसीबद्दल विचारायचं होतं. २०१२ ची हॅचबॅक, पेट्रोल. सकाळी फोंड्याहून निघालो की बोरीच्या पुलापर्यंत मस्त गार. मडगांवात शिरून ट्रॅफिकमध्ये अडकलो की हवा कोमट. रस्ता मोकळा झाला की परत गार. गेल्या मे महिन्यात गॅस भरला होता. आज गॅरेजवाला म्हणाला कॉम्प्रेसर गेलाय, नवीन टाका. पुढच्या आठवड्यात आईला काणकोणला न्यायचंय, तिला उकाडा अजिबात सोसत नाही. कुणाला काही कल्पना?

सी-३०३: गॅस कमी झाला असणार. जुन्या गाडीत दर उन्हाळ्याला भरावाच लागतो.

ए-३०१: हो, आमचाही दरवर्षी भरतो. माझ्या ओळखीचा आहे एक, अर्ध्या तासात काम करून देतो. नंबर पाठवू?

ए-१०१ मावशी: नंबर जरा थांबव बाळा. इतकी वर्षं आयटीआयत पोरांना रेफ्रिजरेशन शिकवलं आणि पहिल्या तासाला हेच सांगत आले, म्हणून इथेही सांगते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद पाइपांतून गोल फिरत राहतो. रबरी पाइप आणि सील यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. आणि हवेत सोडण्याजोगा तो गॅसही नाही. आर-१३४ए, म्हणजे तुमच्या गाड्यांच्या एसीतला गॅस, त्याची धरणी तापवण्याची ताकद १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरतात.

ए-१०१ मावशी: आता बी-२०४ च्या गाडीबद्दल. अरे, तू निम्मं निदान स्वतःच लिहिलंयस. चालत्या गाडीत गार, उभ्या गाडीत कोमट. कॉम्प्रेसर पूर्णच गेला असता तर बोरीच्या पुलावरही गार झालं नसतं. गाडी चालते तेव्हा वारा आपोआप पुढच्या जाळीतून आत येतो आणि कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटरसारखा भाग, थंड करतो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं. माझा पहिला संशय पंख्यावर, दुसरा कंडेन्सरमध्ये बसलेल्या धुळीवर. इंजिन उभ्या गाडीत हळू फिरतं, त्यामुळे कॉम्प्रेसरही हळू फिरतो, तो थोडा फरक कुठल्याही गाडीत पडतो. पण हवा कोमट होण्याइतका नाही.

बी-२०४: मावशी, पंखा तर फिरताना दिसतो.

ए-१०१ मावशी: कुठला पंखा? तुझ्या गाडीत दोन असतील तर एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा. एसी लावल्यावर काही क्षणांत कंडेन्सरचा फिरायला हवा, इंजिन तापायची वाट न बघता. बोनेट उघडून लांबूनच बघ. हात, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही जवळ नेऊ नको. चावी काढल्यावरही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो.

सेक्रेटरी: सर्वांसाठी सूचना: उद्या सकाळी ८ ते ११ वरची टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

ए-१०१ मावशी: मग बी-२०४, एक बादली जास्तीची भरून ठेव. उद्या पार्किंगमध्ये, सावलीत, ही परीक्षा कर. स्वयंपाकघरातला कांडीचा थर्मामीटर असेल तर डॅशबोर्डवर गार हवा येते त्या मधल्या झडपेत खोच. एसी पूर्ण थंडवर, आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलेलं, ब्लोअर मधल्या वेगावर, दारं बंद. गाडी उभीच ठेवून ५-७ मिनिटं आकडा बघ. मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर मगाने हळूहळू पाणी सोड. आकडा भराभर खाली आला तर कंडेन्सरला वारा मिळत नाहीये एवढं पक्कं समज. गॅसचा विषय त्यानंतर.

डी-१०२: फॉरवर्ड आलाय बघा: "गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका, डॅशबोर्डमधून बेन्झीन निघतो, आधी काचा उघडा". यामुळे तर नसेल?

ए-१०१ मावशी: नाही ताई, त्या फॉरवर्डमधली भीती बाजूला ठेवा. काचा उघडाव्यात हे मात्र बरोबर, त्याचं कारण साधं आहे. उन्हात उभ्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. ती मिनिटभरात बाहेर घालवली की एसीचं ओझं हलकं होतं. मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवायची. आपल्याकडे तर हे फारच महत्त्वाचं. एसीला नुसती उष्णता काढायची नसते, हवेतलं पाणीही काढावं लागतं. १ लिटर पाणी हवेतून काढायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता उचलावी लागते. बाहेरची दमट हवा सारखी आत घेत राहिलात तर निम्मी ताकद पाणी गाळण्यातच जाते. जुन्या गाडीत बाहेरची हवा अडवणारी आतली झडप अडकते, बटण दाबलं तरी बाहेरची हवा येत राहते. बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलतो का ऐका. अजिबात बदलला नाही तर ती आतली झडप तपासून घ्या.

सी-३०३: मावशी, आमच्या गाडीचं उलट आहे. सुरुवातीला एकदम गार, पण बेळगावला जाताना तासाभराने झडपेतून हवाच कमी येते. ब्लोअर घरघरतो, वारा नाही.

ए-१०१ मावशी: कूलिंग कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या भागावर, बर्फ धरतोय. एसीचं बटण १०-१५ मिनिटं बंद ठेवा, ब्लोअर चालूच ठेवा. हवा परत नीट आली आणि गाडीखाली भरपूर पाणी पडलं तर तेच. कॉइल गोठायच्या आत कॉम्प्रेसर थांबवणारा छोटा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा फिल्टर भरून वारा अडलेला असतो. आधी फिल्टर बघा, बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या खणामागे असतो. काही जुन्या गाड्यांत तो बसवलेलाच नसतो, मग आपल्या रस्त्यांची लाल माती थेट कॉइलवर जाऊन बसते.

सी-३०३: फिल्टर कधी बदलला आठवत नाही. आज बघतो.

*रविवार*

बी-२०४: मावशी, केलं. सावलीत उभी गाडी, मधल्या झडपेत २१ अंश. कंडेन्सरवर पाणी सोडल्यावर बघता बघता १३. दोन पंख्यांपैकी डावा फिरतच नाही! मी उजव्याकडे बघून समाधान मानत होतो. फ्यूज बघितला, शाबूत आहे. शेजारचा तसलाच रिले (पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच) काढून लावला, तरी नाही.

ए-१०१ मावशी: शाब्बास. आता इंजिन गार होऊ दे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ आणि पाती हाताने फिरवून बघ. मोकळी फिरतात की अडकत?

बी-२०४: अडकत. आणि मोटरच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी आहे.

ए-१०१ मावशी: तांब्याचा गंज. खारी हवा आणि पावसाळा मिळून कनेक्टर खातात, समुद्राकाठच्या गाड्यांत तर फारच. मोटरचे ब्रश आणि बेअरिंग संपलेत असं दिसतंय. मोटर बदल, कनेक्टरही नवा घे, जुनाच घासून लावू नको. गॅरेजवाल्याला म्हण, आधी पंखा, कॉम्प्रेसरचं त्यानंतर बघू.

ए-३०१: पण मावशी, त्याने गेज (गॅसचा दाब मोजायचा काटा) लावून बघितलं असणार ना? माझा माणूस तर नेहमी गेज लावतो, गाडी बंद असताना बघतो आणि सांगतो गॅस कमी की जास्त.

ए-१०१ मावशी: हा गैरसमज मला फार छळतो, म्हणून जरा लांब लिहिते. बंद गाडीत, सगळं सारख्या तापमानाला आल्यावर, पाइपांतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशाला आर-१३४ए चा दाब साधारण ९७ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी गेज तोच आकडा दाखवणार. गॅस निम्मा असो की पूर्ण, काटा तिथेच. म्हणून बंद गाडीचा आकडा बघून "कमी आहे" किंवा "बरोबर आहे" म्हणणारा अंदाज बांधतो. आकडा ९७ पेक्षा फारच खाली असेल तर मात्र द्रव संपलाय, गळती मोठी.

चालू गाडीत दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र वाचायचे. आपल्या उन्हात ढोबळ मानाने कमी दाबाची बाजू ३०-४५ आणि जास्त दाबाची २००-२५०. दोन्ही खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर कंडेन्सरला वारा नाही किंवा कुणीतरी गॅस जास्त भरलाय. कमी दाबाची बाजू वर चढलेली आणि जास्त दाबाची खाली उतरलेली, म्हणजे दोन्ही जवळ जवळ आलेले, तर कॉम्प्रेसर थकला. कमी दाबाची शून्याकडे जाते, तर आत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड, चोंदलाय. बी-२०४ च्या गाडीत पंखा बंद असल्यामुळे दोन्ही आकडे वर चढलेले असणार. ते बघून कॉम्प्रेसर बदला म्हणणं पटण्यासारखं नाही.

बी-३०२ वहिनी: मावशी, आमचे हे बोटीवर असतात, गाडी महिनोन्महिने उभी. परत आले की दर वेळी एसी कमजोर. हेही गळतीच का?

ए-१०१ मावशी: बहुधा कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील. गॅसबरोबर तेलही फिरतं, त्यानेच ते सील ओलं राहतं. महिनोन्महिने एसी लागला नाही की सील सुकतं आणि गॅस झिरपायला लागतो. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून १० मिनिटं एसी लावा, पावसाळ्यातसुद्धा. आणि बोनेट उघडाल तेव्हा वायरी बघा, उभ्या गाडीत उंदीर हमखास कुरतडतात.

बी-३०२ वहिनी: देव बरें करूं मावशी. दिराला सांगते.

*बुधवार*

बी-२०४: मंडळी, पंख्याची मोटर आणि कनेक्टर बदलला. तीच जागा, तीच सावली, उभ्या गाडीत मधल्या झडपेत ११ अंश! आज ऑफिसमधून येताना मडगांवात बराच वेळ अडकलो, हवा गारच. कॉम्प्रेसरला हातही लावला नाही.

ए-१०१ मावशी: फार बरं वाटलं वाचून. आपल्या दमट हवेत जुन्या गाडीला १०-१२ आलं की झालं.

बी-२०४: एक राहिलं. कंडेन्सर साध्या पाण्याने धुतला तेव्हा खालच्या कोपऱ्यात तेलकट काळा डाग दिसला. त्याचं काय?

ए-१०१ मावशी: तिथे गळती असू शकते. गॅस दिसत नाही, पण तो जिथून निसटतो तिथे तेल मागे राहतं आणि त्यावर धूळ चिकटते. गेल्या वर्षी भरलेला गॅस कुठून जातोय ते कदाचित तिथेच कळेल. डाग फडक्याने पुसून साबणाचं पाणी लावून बघ. बुडबुडे आले तर निकाल लागला, नाही आले तरी बारीक गळती असू शकते. मग यूव्ही डाय, म्हणजे टॉर्चखाली चमकणारा रंग, गॅसमध्ये घालायला सांग, काही दिवस गाडी चालवून निळ्या टॉर्चखाली बघायचं. धुताना प्रेशर गन मारली नाहीस ना? बारीक पत्रे वाकतात.

बी-२०४: नाही, नुसती नळी. कंडेन्सर बदलायला लागला तर?

ए-१०१ मावशी: तर ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवा टाक, ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबरी कड्या) नव्या. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, किमान अर्धा तास, आणि पंप बंद केल्यावर काटा जागचा हलतो का ते उभं राहून बघ. हलला तर अजून गळतंय, गॅस भरू देऊ नको. गॅस वजनाने भरायचा. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो, तेवढाच. जास्त भरला तरीही थंडावा कमी होतो.

ए-३०१: मावशी, माझ्या माणसाकडे वजनकाटाच नाही.

ए-१०१ मावशी: मग पुढच्या वेळी काटा असलेल्याकडे ने. आणि आधी तुझ्या गाडीचा गॅस दरवर्षी कुठे जातो ते शोधू. रविवारी गाडी खाली उभी कर, बोनेट उघडून तेलाचे डाग बघू.

बी-२०४: मीही येतो टॉर्च घेऊन. काणकोणहून शनिवारीच परततोय.