जिप्सीत बलेनोचं १.६ इंजिन : फ्युएल प्रेशर रेग्युलेटर कोणता घ्यावा?

गगनबावडा_४×४ (कोल्हापूर)
मंडळी, कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीत बलेनोचं जी१६बी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन बसतंय. रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी), इंजेक्टर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं त्याच इंजिनाचं. रेलवरचा मूळ रेग्युलेटर गंजून गेलाय. दुकानात वर गेज लावलेला ॲडजस्टेबल रेग्युलेटर आणि ताशी २५५ लिटरचा पंप सुचवलाय. टाकी आणि दोन्ही पाइप जिप्सीचेच ठेवणार. टर्बो नाही, इंजिन स्टॉक (कंपनीचं जसंच्या तसं). काय घेऊ आणि प्रेशर किती लावू? आरटीओच्या परवानगीचं काम वेगळं चालू आहे.

उद्यमनगर_फिटर
भावा, रेग्युलेटर शेवटी निवड. आधी पंप आणि रिटर्न (टाकीकडे परत जाणारी पाइप) बघ, कारण रेग्युलेटर प्रेशर तयार करत नाही. जादाचं पेट्रोल टाकीकडे सोडून प्रेशर धरून ठेवतो.

९४ बीएचपीचं इंजिन पूर्ण जोरात असताना ताशी साधारण २९ लिटर पेट्रोल लागेल. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) जेमतेम एक लिटर. म्हणजे २५५ चा पंप लावलास तर आयडलला जवळजवळ सगळंच पेट्रोल रिटर्नमधून परत जाणार. कार्ब्युरेटरच्या गाडीची रिटर्न पाइप तेवढ्यासाठी केलेलीच नसते. ती तुंबते, आणि रेग्युलेटर पूर्ण उघडा असूनही रेलवर साडेतीन-चार बार दिसतात. मग लोक स्क्रू सैल करत बसतात, प्रेशर काही उतरत नाही. स्टॉक इंजिनाला ताशी ८० ते १०० लिटरचा मारुतीचाच पंप पुरतो.

रेलला मूळ रेग्युलेटरची जागा शाबूत असेल तर त्याच नमुन्याचा नवा बसव. ॲडजस्टेबलची गरज टर्बोला, मोठ्या इंजेक्टरला, नाहीतर रेलवर जागाच नसेल तेव्हा. आणि कार्ब्युरेटरसाठी विकतात तो १ ते ५ पीएसआयचा रेग्युलेटर चुकूनही घेऊ नको, इथं त्याचा काही उपयोग नाही.

प्रेशर: पंप चालू, इंजिन बंद असताना २७० ते ३१० किलोपास्कल, म्हणजे ३ बारच्या आसपास. आयडलला व्हॅक्यूम नळी (इंजिनाच्या हवेच्या वाटेतून रेग्युलेटरला येणारी) जोडलेली असताना २१० ते २६०. ॲडजस्टेबल लावलाच तर नळी काढून तिचं तोंड बंद कर, आयडलला ३ बार लाव, चेकनट आवळ, मग नळी जोड. प्रेशर उतरलं नाही तर नळी फुटलेली आहे किंवा चुकीच्या जागी जोडली आहे. ती थ्रॉटल आणि इंजिनाच्या मधे, थेट प्लीनममधून (थ्रॉटलनंतरचा हवेचा डबा) घे. दुसऱ्या कुठल्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) मारू नको.

३ चे ४ बार केल्याने ताकद वाढत नाही. इंजेक्टरमधून पेट्रोल १५ टक्के जास्त जातं, ईसीएमला ते माहीत नसतं, आणि प्लग काळे पडतात.

रंकाळा_मोटर्स
वरच्याला पूर्ण सहमत. रिटर्नची शंका असेल तर आयडलला रेग्युलेटरची रिटर्न नळी सोडून ती लांब ठेवलेल्या धातूच्या कॅनमध्ये सोडा. प्रेशर झटकन उतरलं तर दोष पाइपमध्ये. शेजारी अग्निशामक ठेवा आणि हे उघड्यावरच करा.

आता पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. जुन्या साध्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात. इंजेक्शनच्या बाजूला एसएई ३०आर९ छापलेलीच नळी घ्या. ३०आर७ कमी दाबाची असते. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला ३०आर१०. स्क्रूच्या पट्टीवाल्या क्लिपा नळी कापतात, गोल इंजेक्शन क्लिपा लावा. स्वस्त ॲडजस्टेबलमध्ये डायफ्राम (आतला लवचिक पडदा) कशाचा आहे हेच कळत नाही. तो फाटला की पेट्रोल व्हॅक्यूम नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या भागात) जातं : काळा धूर, गरम इंजिन सुरू व्हायला त्रास. व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या, ओली असेल तर रेग्युलेटर बदला. त्यावर आलेल्या गेजवर विसंबू नका. चांगलं ० ते ७ बारचं गेज रेलच्या आधी टी टाकून तपासणीपुरतं लावा.

आणि टाकी. कार्ब्युरेटरच्या टाकीत पेट्रोल एका कोपऱ्यात गेलं की पंप हवा ओढतो. करूळ घाटात निम्म्या टाकीवर ते जाणवेल. आत पंप असलेली एमपीएफआय जिप्सी किंगची टाकी मिळाली तर सगळ्यात उत्तम. नाहीतर दीड-दोन लिटरची सर्ज टाकी (पंपासाठी कायम भरलेली छोटी टाकी) घाला.

गगनबावडा_४×४
धन्यवाद. टाकी शोधतोय. रेलवर रेग्युलेटरचं तोंड थोडं खड्ड्याखड्ड्याचं झालंय. त्याच नमुन्याचा बसवला तर गळेल का?

उद्यमनगर_फिटर
ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) बसते त्या भोकाच्या भिंतीवर नखाला लागणारा खड्डा असेल तर गळणारच. सँडपेपर मारून भोक मोठं करू नको, रिंग सैल होईल. दुसरी रेल मिळते का बघ. नाही मिळाली तर लेथवाल्याकडून ॲडॉप्टर टर्न करून घे आणि रेग्युलेटर बाहेर लाव. ॲडजस्टेबल इथं मात्र योग्य. ओ-रिंग व्हायटॉनची (पेट्रोल सोसणारं रबर) सांग, बसवताना इंजिन ऑइलचा हात लाव. पेट्रोलच्या जोडांतल्या पॅरलल (निमुळत्या नसलेल्या) आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तुकडे सुटून इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. त्याऐवजी तांब्याचं वॉशर. चावी ऑन करून पंप दोन-तीनदा चालव आणि कोरडा कागद प्रत्येक जोडावर फिरव. ओला झाला तर सेल मारू नको.