कराटे क्लास : मुख्य संघटनेपासून वेगळं व्हायचं तर मुलांच्या बेल्टचं काय?

डोजो_तालुका
शाळेच्या हॉलमध्ये शोतोकान या कराटेच्या शैलीचा क्लास आहे. 60 मुलं, महिना फी 500 रुपये. ग्रेडिंग म्हणजे बेल्टची परीक्षा वर्षातून तीनदा. परीक्षा फी 800, त्यातले 600 मुख्य संघटनेला जातात आणि 200 क्लासकडे राहतात. ड्रेस, बेल्टही त्यांच्याकडूनच घ्यावे लागतात. आता परिपत्रक आलंय : परीक्षा फी 1200, क्लासचा वाटा तेवढाच, शिवाय वर्षाला दोन सेमिनार सक्तीचे. वेगळं झाल्यास मुलांचे आतापर्यंतचे बेल्ट ग्राह्य धरले जातील का? स्पर्धा बंद होतील का? स्वतःची संस्था नोंदवावी का?

जमाखर्च
आधी आकडे मांडा. दर खेपेला साठातली चाळीस मुलं बसतात असं धरू. आज 40 × 3 × 600 म्हणजे वर्षाला 72,000 रुपये वर जातात. नव्या दराने 1,20,000 जातील. तुमची वर्षाची महिना फी सगळी वसूल झाली तर 3,60,000. म्हणजे क्लासच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाइतकी रक्कम फक्त परीक्षेपोटी बाहेर जाणार, ड्रेस-सेमिनार वेगळे.

पालकांच्या बाजूने बघा. पांढऱ्यापासून पहिल्या क्यूपर्यंत (क्यू म्हणजे काळ्या बेल्टच्या आधीच्या पायऱ्या) नऊ परीक्षा, म्हणजे 10,800 रुपये, आणि शोदानची, म्हणजे पहिल्या काळ्या बेल्टची फी त्यावर. काही क्लासमध्ये मध्येच अर्धा बेल्ट, पट्टीचा बेल्ट घालून नवाच्या तेरा परीक्षा करतात. ते शिकवण्यासाठी कमी आणि फीसाठी जास्त असतं.

खरी गोम वेगळी आहे. परीक्षकाला डोईमागे पैसे मिळतात तिथे कुणी नापास होत नाही, कारण नापास झालेलं मूल पुढच्या बेल्टची फी भरत नाही आणि बरेचदा क्लासही सोडतं. तपकिरी बेल्टच्या मुलाला हेइआन गोदान हा त्याच्या आधीच शिकायचा काता (ठरावीक हालचालींचा क्रम) धड येत नाही, याचं मूळ इथे आहे. परीक्षकाला दिवसाचं ठरावीक मानधन आणि प्रवासखर्च द्या, फेरपरीक्षा तीन महिन्यांत विनाशुल्क ठेवा. चाळीस मुलांना बाहेरचा परीक्षक आणायला यापेक्षा बराच कमी खर्च येतो.

काता_कुमिते
तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या संघटना एकात मिसळल्यात, आणि बहुतेक पालकांचाही इथेच घोळ होतो. एक शैलीची संघटना : शोतोकान, गोजू, शितो. ती बेल्ट देते. दुसरी खेळाची संघटना : जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि वर जागतिक कराटे महासंघ. ती स्पर्धा घेते. शैलीची संघटना सोडली म्हणून स्पर्धा आपोआप बंद होत नाहीत. जिल्हा संघटनेचं सभासदत्व क्लासच्या नावावर आहे की मुख्य संघटनेच्या, एवढं तपासा. शालेय स्पर्धांच्या 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांची प्रवेशिका तर शाळेमार्फत जाते, त्यात क्लासचा शिक्का लागतच नाही.

सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची आशा दाखवून बेल्ट विकणारे आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो : तिथे बेल्टला काही किंमत नाही. पडताळणी होते ती मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतल्या कामगिरीची. ही मान्यताही कायमची नसते. 2020 मध्ये जागतिक महासंघाने भारतातल्या तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेची संलग्नता काढून घेतली. म्हणून स्पर्धेच्या तारखेला ती संघटना संलग्न होती याचा कागद त्याच वर्षी मिळवून ठेवावा. नंतर कुणी देत नाही.

बेल्टचं म्हणाल तर शिकलेलं कुणी काढून घेत नाही, पण सर्टिफिकेटचं वजन देणाऱ्याच्या नावावर असतं आणि ते नावच फुटतं. क्योकुशिन या शैलीचे संस्थापक ओयामा यांचं 1994 मध्ये निधन झालं आणि तिचे अनेक गट झाले. जपान कराटे असोसिएशन या शोतोकानच्या संघटनेचे मुख्य प्रशिक्षक नाकायामा 1987 मध्ये गेले. त्यानंतर त्या संघटनेत फूट पडली आणि नावाचा वाद कोर्टात 1999 पर्यंत चालला. मुख्यालयाचं हे, मग तालुक्याच्या क्लासचं काय! म्हणून नव्या गटात जाताना एकच लेखी अट घाला : सध्याचा क्यू आहे तसा धरावा, सगळ्यांची पुन्हा पांढऱ्यापासून परीक्षा नको. तपकिरीच्या मुलांची एक पडताळणी चाचणी मागितली तर द्यावी, ते रास्त आहे. शोदान मात्र थेट मुख्यालयात नोंद होऊन क्रमांक मिळाला असेल तरच बाहेर उपयोगी पडतो.

डोजो_तालुका
ग्रेडिंगची यादी त्यांच्याकडेच असते. आमच्याकडे फक्त सर्टिफिकेटं आहेत.

काता_कुमिते
मग आधी ते काम करा. प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, प्रत्येक क्यूची तारीख, परीक्षकाचं नाव, सर्टिफिकेट क्रमांक, आणि सर्टिफिकेटचा फोटो. पालकांकडून आठवडाभरात गोळा होतं. राजीनामा त्यानंतर. बातमी फुटली की संघटनेच्या पुढच्या सेन्सेईला (प्रशिक्षकाला) यादी आणि पालकांचे फोन नंबर आधी पोचतात, सगळं राजकारण त्या यादीभोवतीच चालतं.

विश्वस्त_कोपरा
नोंदणीबद्दल. एकटेच शिकवत असाल तर संस्थेची घाई नको. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या जागेला 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना पुरते. लोक अजून तिला गुमास्ताच म्हणतात. सेवांवरच्या जीएसटीची मर्यादा वर्षाला 20 लाख, तिथपर्यंत तुम्ही पोचत नाही. पावतीपुस्तक आणि वेगळं बँक खातं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. फी गुगल पेवर घरच्या खात्यात घेतली की वर्षाअखेर हिशेब लागत नाही आणि पालकांचा संशय वाढतो.

संस्था काढायचीच तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि सोबत धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. तिथून पुढे दरवर्षी लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अहवाल. बहुतेक क्रीडा संस्था इथेच अडकतात : बदल अहवाल वर्षानुवर्षं दाखल होत नाहीत, आणि भांडण झालं की जुनी कार्यकारिणीच कागदावर जिवंत निघते. नफा सभासदांत वाटता येत नाही; तुमचं मानधन ठरावाने रक्कम घालून मंजूर करून घ्या. सात जणांत घरचेच पाच घालू नका, तसंच ज्येष्ठ विद्यार्थ्यांना न विचारता त्यांची नावंही घालू नका.

आणि हॉलची परवानगी कुणाच्या नावावर आहे ते आजच मुख्याध्यापकांकडे बघा. ती मुख्य संघटनेच्या लेटरहेडवर असेल तर ते उद्या दुसरा सेन्सेई त्याच वेळेला त्याच हॉलमध्ये उभा करू शकतात. शाळेच्या व्यवस्थापनाकडे स्वतःच्या नावाने नवा अर्ज द्या, भाडं आणि वार लिहून, आणि पोच घ्या. जुन्या संघटनेचं बोधचिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असू शकतं, त्यामुळे ड्रेसवरचा बिल्ला आणि बॅनर राजीनाम्याच्या दिवशीच उतरवावेत.