मुंबईची धावपट्टी थेट कॅमेऱ्यावर दिसावी का?

कलिनाकर
लॉस एंजेलिसच्या विमानतळावरची ये-जा शेजारच्या हॉटेलच्या गच्चीवरून थेट दाखवतात आणि जगभरचे लोक ती बघत बसतात. मुंबईत असं का नसावं? लॉस एंजेलिसला चार समांतर धावपट्ट्या आहेत. आपल्याकडे दोनच, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे व्यवहारात एका वेळी एकच. त्या एकीवर तासाला चाळीसच्या वर विमानं! एक उतरून वळतंय, दुसरं धावपट्टीवर येऊन उभं राहतंय, तिसऱ्याचे दिवे घाटकोपरच्या डोक्यावर दिसायला लागलेत. पावसाळ्यात तर एखादं टेकता टेकता पुन्हा वर जातं.

हौसेपलीकडचा मुद्दा असा. जून २०२४ मध्ये इंडिगोचं विमान उतरत असताना त्याच धावपट्टीवरून एअर इंडियाचं उडत होतं. काही सेकंदांची क्लिप पसरली, हवाई वाहतूक नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं गेलं. दृश्यमानता चांगली असेल तर या धावपट्टीवर दोन विमानांत कमी अंतर ठेवायची मुभा आहे, असं नियंत्रकांच्या संघटनेनं सांगितलं; ते ऐकायला कोण थांबलं? रोज बघणारे हजारभर लोक असते, तर नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे त्यांना तरी कळलं असतं.

भिंगवाला
अजिबात सहमत नाही. मी फोटोग्राफी करतो. लांबून झूम केलं की अंतर चेपलं जातं. मागचं विमान पुढच्याच्या शेपटीला चिकटल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात मध्ये किलोमीटरभर मोकळी धावपट्टी असते. अशा चित्रावरून हजार जण शिकणार नाहीत, हजार क्लिपा कापतील. आज एका क्लिपवर माणूस बाजूला होतो, उद्या रोज होईल.

पावशेर
कलिनाकर, +१. आणि ११ ते ५ डागडुजीसाठी दोन्ही पट्ट्या बंद असतात त्या दिवशी काय दाखवणार, रोडरोलर? :)

असल्फा_चाळ
तुम्हा लोकांना मजा वाटते. २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या पत्र्यावरून जातात, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर थांबवायची सवय झालीय पोरांना. २८ जून २०१८ ला घाटकोपरच्या जागृती नगरमध्ये छोटं विमान कोसळलं. आतले चार आणि रस्त्यानं जाणारा एक, पाच जण गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये लंडनला वादळात हेलकावे खात उतरणारी विमानं एका वेळी दोन लाखांवर लोक थेट बघत होते. ती सुरळीत उतरावीत म्हणून बघत होते का? मला शंका आहे.

कलिनाकर
असल्फा, त्रास खरा आहे, पण तो कॅमेऱ्यामुळे नाही. उलट रात्री दोनला तुमच्या डोक्यावरून किती गेली, याची नोंद रेकॉर्डिंगमध्ये राहील. आज तक्रार करायला गेलात तर हातात काय असतं?

असल्फा_चाळ
नोंद आत्ताही आहे. कोणतं विमान कुठे, हे फोनवर ॲपमध्ये दिसतं. ऐकून कोण घेतंय, ते सांगा.

वास्कोकार
आमच्या गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर हा विषयच निघत नाही. तळ नौदलाचा, आयएनएस हंसा. फोटो काढायला गेलात तर लगेच हटकतात. आणि मला ते पटतं. विमान कुठे आहे हे ॲपवर कळतं, मान्य. पण फाटकात कोण उभं आहे, कुठली गाडी कुठल्या विमानापाशी गेली, हे ॲप सांगत नाही, कॅमेरा सांगतो. मुंबईतही अतिमहत्त्वाच्या लोकांची विमानं त्याच पट्टीवर उतरतात.

कलिनाकर
दाबोळी मी मागितलीच नाही. विमानं उभी राहतात तो भागही नको. फक्त धावपट्टी, तीही पाचेक मिनिटं उशिरानं दाखवली तरी माझी हरकत नाही. जरीमरीच्या बाजूनं पोरं भिंतीपलीकडून रोज उघड्या डोळ्यांनी तेच बघतात.

भिंगवाला
मग एक अट माझी. कॅमेरा स्थिर, झूम नाही, कोपऱ्यात घड्याळ, वर पार्श्वसंगीत नाही. असा लावा आणि बघा किती जण थांबतात.

कलिनाकर
दहा जण थांबतील. मला पुरेत.