०.८ मिमी नळीत मोजलेला पेक्ले आकडा टेलरच्या सूत्राशी जुळत नाही

नळी_नागपूर:
पीटीएफई (टेफ्लॉन) नळी, आतला व्यास ०.८ मिमी, लांबी ५ मीटर, ६० मिमीच्या ड्रमवर गुंडाळलेली. सिरिंज पंपाने पाणी, सहा-पोर्ट व्हॉल्व्हवरच्या १०० मायक्रोलिटर लूपमधून टारट्राझिन या पिवळ्या डायचा पल्स. बाहेर स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये १ सेंमीचा फ्लो-क्युव्हेट (ज्यातून द्रव वाहत असताना रंग मोजतात तो सेल), ४२७ नॅनोमीटरवर. डायचा डिफ्युजन गुणांक ५×१०^-१० चौमी/से धरला, तर टेलर-एरिसच्या सूत्राप्रमाणे (सरळ नळीत पल्स किती पसरेल ते सांगणारं) पेक्ले आकडा (जितका मोठा, तितका पसारा कमी) १ मिली/मिनिटाला २३ आणि ०.२ ला ११३ यायला हवा. बाहेर आलेल्या वक्राच्या व्हेरियन्सवरून (रुंदीच्या मापावरून) काढला तर येतो ५५ आणि ६५. म्हणजे हळू प्रवाहात जवळपास निम्मा, वेगात दुपटीहून जास्त. लूप २० मायक्रोलिटरचा लावला, तरी तेच. गडबड कुठे आहे?

सहापोर्ट:
लूप बदलून काही होणारच नव्हतं. आयताकृती प्लगचा व्हेरियन्स म्हणजे आकारमानाचा वर्ग भागिले १२. १०० मायक्रोलिटरला तो जेमतेम ०.०००८ मिली² भरतो. ०.२ मिली/मिनिटाला नळीचा स्वतःचा टेलरप्रमाणे ०.११ मिली² आहे.

क्युव्हेटकडे बघा. १ सेंमीच्या साध्या फ्लो-क्युव्हेटमध्ये सुमारे ०.४५ मिली मावतं. आत येणारी धार तिथे घुसळली गेली, तर त्याचा व्हेरियन्स आकारमानाच्या वर्गाइतका, म्हणजे ०.२ मिली². नळीच्या जवळपास दुप्पट! तुम्ही नळी कमी आणि क्युव्हेटच जास्त मोजताय. एचपीएलसी डिटेक्टरचा ८-१० मायक्रोलिटरचा सेल मिळाला तर उत्तम. नाहीतर नळी काढून व्हॉल्व्ह थेट क्युव्हेटला जोडा आणि त्याच प्रवाहाला कोरा वक्र घ्या. सरासरी वेळ आणि व्हेरियन्स दोन्ही वजा करता येतात.

पण वजाबाकीपेक्षा कन्व्होल्यूशन (एका वक्राचा पसारा दुसऱ्यावर चढवणं) बरं: डिस्पर्शन, म्हणजे पसाऱ्याच्या मॉडेलचा वक्र कोऱ्या वक्राशी कन्व्हॉल्व्ह करा आणि आलेला वक्र मोजलेल्यावर फिट करा. उलट दिशेने, फूरियरने डीकन्व्हॉल्व्ह करायला गेलात तर नॉइज फुगतो. शिवाय व्हेरियन्समध्ये शेपटीला वेळेच्या वर्गाचं वजन मिळतं. दिवा तापताना बेसलाइन किंचित सरकली, तरी आकडा कुठल्या कुठे जातो. फिटमध्ये बेसलाइन मोकळी सोडता येते. शोषण १ च्या खाली ठेवा.

डीन_भाऊ:
क्युव्हेटने ११३ चा ६५ होतो हे पटलं. पण २३ चा ५५ होण्याचं कारण ड्रम आहे. टेलर सरळ नळीसाठी. १ मिली/मिनिटाला रेनॉल्ड्स आकडा (जडत्व भागिले चिकटता) साधारण ३०, ६० मिमी ड्रमवर डीन आकडा (वळणाचा परिणाम धरून) ३.४. तो लहान वाटतो, पण बघायचा असतो डीनचा वर्ग गुणिले श्मिट आकडा (चिकटता विरुद्ध डिफ्युजन). पाण्यातल्या डायचा श्मिट १८०० च्या आसपास, म्हणजे २० हजारांवर. हा गुणाकार शंभराच्या वर गेला की वळणामुळे होणारा दुय्यम, आडवा प्रवाह डिस्पर्शन कमी करू लागतो.

गंमत म्हणजे नळी सैल वेटोळी करून टेबलावर पसरली, तरी ती 'सरळ' होत नाही. या प्रवाहाला शंभराच्या खाली यायचं तर वेटोळ्याचा व्यास १२ मीटर हवा! ०.२ मिली/मिनिटाला मात्र अर्धा मीटर पुरतो. टेलर तपासायचा असेल तर हळू प्रवाहच घ्या. तिथे दुसरीही सोय आहे: त्रिज्येचा वर्ग भागिले डिफ्युजन गुणांक ३२० सेकंद येतो. टेलरचं मॉडेल बसायला राहण्याची वेळ त्याच्या निदान ०.८ पट हवी. १ मिली/मिनिटाला फक्त १५१ सेकंद मिळतात, म्हणून वक्र मुळातच तिरका येणार. ०.२ ला ७५४ मिळतात.

डिस्पर्शन अजून कमी करायचं असेल तर गुंडाळीची दिशा ठरावीक फेऱ्यांनंतर ९० अंशांत वळवा. सक्सेना आणि निगम यांनी १९८४ मध्ये मांडलेली कॉइल्ड फ्लो इन्व्हर्टरची रचना हीच.

बुटीबोरी_प्रोसेस:
राजेहो, तापमान कोणीच विचारलं नाही! नागपुरात हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. डिफ्युजन गुणांक केल्विन तापमान भागिले पाण्याची चिकटता या प्रमाणात बदलतो. २५ अंशांला ५ असेल, तर डिसेंबरच्या सकाळी १८ अंशांला सुमारे ४.१, मे महिन्यात कूलर चालू असतानाही ३८ ला ६.९. सरळ नळीत पेक्ले आकडा त्याच प्रमाणात, म्हणजे दीडपटीहून जास्त बदलेल. ड्रम वॉटर बाथमध्ये बुडवा. चिलर नसेल तर २५ चा हट्ट सोडा, ४५ अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात खोलीपेक्षा वर राहिलं तरच हीटर नियंत्रण करू शकतो. मात्र गरम पाण्यातली हवा बुडबुडा बनून क्युव्हेटमध्ये अडकते आणि वक्रावर दाते येतात. पाणी आधी उकळून, झाकून गार करा.

आणि मिथिलीन ब्लू वापरायचा मोह टाळा. काचेला आणि सिलिकॉन नळीला चिकटतो, लांब शेपटी येते आणि ती डिस्पर्शन वाटते.

नळी_नागपूर:
क्युव्हेटचं लक्षात आलं, कोरा वक्र घेतो. रिअ‍ॅक्शनसाठी मात्र पेक्ले ५० चालेल का?

सहापोर्ट:
पहिल्या ऑर्डरच्या रिअ‍ॅक्शनला (वेग तीव्रतेच्या प्रमाणात) चालेल. प्लग फ्लोमध्ये (अजिबात पसारा नसताना) ९९ टक्के रूपांतर देणाऱ्या नळीत पेक्ले ५० असताना ९८.५ मिळेल, भरून काढायला साधारण ९-१० टक्के लांबी वाढवा. मधला पदार्थच हवा असेल, म्हणजे अ पासून ब आणि पुढे क, तर जास्त काळजी घ्या. तिथे लांबी वाढवली तर क च वाढतो, त्यामुळे पसारा आधी कमी करावा लागतो.