सगळीकडे १६ अँपिअरचेच सॉकेट लावले तर? (नेरूळ, सिडकोचा जुना फ्लॅट)

खाडीकाठ:
वन बीएचकेचं वायरिंग नव्याने करतोय, झिरी मारायला सोमवारी सुरुवात. वायरमन म्हणतो, सगळे पॉइंट १६चेच टाकू, ६/१६चा जोड सॉकेट घेतला की ६चा प्लगही त्यात बसतो. ओट्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन. बाथरूममध्ये २ किलोवॅटचा गिझर. फ्रंट लोड मशीन. बेडरूमला दीड टनी एसी. कुठे काय घ्यावं?

वायरमन_ऐरोली:
दादा, नुसता सॉकेट मोठा करून भागत नाही. सॉकेट, स्विच, वायर आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एका मापाचे लागतात. १६चा सॉकेट दिसला की त्यात कोणीही हीटर लावणार. मागे दीडची (दीड चौरस मिमी) वायर आणि १०चा एमसीबी असेल तर भार वाढला की तो पडेल, इतकंच. पण सारखा पडतो म्हणून कोणी तिथे २०चा बसवला, की एमसीबी गप्प राहतो आणि भिंतीत वायर तापत राहते. असेच पॉइंट जळतात.

२३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. मिक्सर, टीव्ही, राउटर, चार्जर यांना ६चा पुरे. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, गिझर, वॉशिंग मशीन, इस्त्री यांना १६चा, अडीचची वायर. फ्रिजला त्याचा प्लग बघून ठरवा. एसीला चारची वायर आणि स्वतंत्र सी-२०, म्हणजे सी कर्व्हचा २० अँपिअरचा एमसीबी. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट उसळतो, ती क्षणाची उसळी सी कर्व्ह सोसतो. आणि १६च्या सॉकेटला स्विचही १६चाच, ६चा लावला तर आधी तोच वितळतो.

सर्किट_ठाणे:
ओट्याचा हिशेब वेगळा करा. २००० वॅटचं इंडक्शन ८.७ अँपिअर घेतं, गिझरही तेवढंच. दोन्ही एका वायरवर असले तर १७.४. सकाळी एकदम चालू होणारच, आणि हे १६च्या एमसीबीच्या मापाबाहेर आहे. गिझरला स्वतंत्र सर्किट, २० अँपिअरचा डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच, तोही बाथरूमबाहेर. एका पॉवर सर्किटवर १६चे दोनच पॉइंट ठेवा.

खाडीकाठ:
बॉक्स आणि अर्थिंगचं काय?

वायरमन_ऐरोली:
बॉक्स खोल घ्या. उथळ बॉक्समध्ये चारची वायर कोंबली की टर्मिनलवर ताण येतो, स्क्रू ढिला पडतो, तिथेच ठिणगी आणि काजळी. खाडीच्या दमट हवेत पितळी संपर्कही लवकर काळवंडतात, स्वस्त सॉकेट नकोच.

अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटला हवी, आणि ती खालच्या मीटर रूमपर्यंत खरोखर पोचते का ते तपासा. जुन्या इमारतींत ती मध्येच तुटलेली असू शकते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. त्याच्या पुढच्या सर्किटचं न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडू देऊ नका, उगाच पडत राहील.

सर्किट_ठाणे:
महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आजच बघा. एसी, गिझर, इंडक्शन मिळून तो ओलांडत असेल तर वाढवण्याचा अर्ज आताच करा. वायर ओढून झाल्यावर, स्विच-सॉकेट बसवण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वायरचं इन्सुलेशन तपासून घ्या. रीडिंग १ मेगओहमच्या खाली आलं तर ती वायर पुन्हा ओढायची.