चीनच्या परीक्षेचे गोडवे आता पुरे

जुनाट
दोन दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. सार असं: चीनने 1300 वर्षं अधिकारी निवडले ते फक्त लेखी परीक्षेवर, ना कूळ पाहिलं ना वशिला, म्हणून ते आज तिथे आणि आपण इथे. खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग. डोकं उठलं म्हणून लिहितोय.

परीक्षा सुई राजवटीत, सातव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली आणि 1905 साली बंद झाली, इथवर ठीक. पण बसायला कोणाला मिळत होतं? बायकांना नाहीच. नट, वेश्या, यामेनमधले म्हणजे सरकारी कचेरीतले शिपाई यांच्या पोरांनाही नाही. उरलेल्यांत ज्याचा बाप पोराला कामाला न जुंपता पंचविशीपर्यंत पोसू शकेल, तो बसणार. शेतमजूर कुठून बसतो? अभ्यास काय, तर कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ, त्यावर बाराव्या शतकातल्या चू शी या पंडिताचं भाष्य, आणि मिंग काळापासून निबंधही ठरीव आठ भागांतच. तुमचं डोकं चालतं का, हा प्रश्नच नव्हता. वर छिंग या शेवटच्या राजवटीच्या काळात पदव्या राजरोस विकत मिळायच्या. वशिला नाही म्हणे!

उंटावरचा शहाणा
दोष काढायला काय लागतं? त्याच काळात बाकीच्या जगात काय होतं ते सांगा. सरदाराचा पोरगा सरदार. सूंग राजवटीने अकराव्या शतकात उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलं. तेवढ्यावर थांबले नाहीत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून बसवून सगळे पेपर नव्याने उतरवून घेतले आणि ती नक्कल तपासणाऱ्याकडे पाठवली. संगणक हाताशी नसताना! आपल्याकडे पेपर परीक्षेच्या आधी मोबाईलवर येतो.

आणि 1855 साली कंपनी सरकारच्या नोकरीसाठी लंडनला खुली परीक्षा सुरू झाली, तेव्हा इंग्रजांतलेच विरोधक हे चिनी खूळ म्हणून नाकं मुरडत होते. त्याच परीक्षेतून 1863 साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले आणि आपल्या मुंबई इलाख्यात आले. तेव्हा आपल्या कलेक्टरच्या खुर्चीचा एक पाय चीनमध्ये आहे, जुनाटराव.

उत्तरपत्रिका
निवडले गेलेल्यांचीच नावं घ्या सगळे. मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत उमेदीची वर्षं घालवली, आता भावाच्या दुकानात बसतो. नापासांचं काय होतं ते मला विचारा. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांवर खोपट्या होत्या. दोन फळ्या: दिवसा एक बसायला, एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून त्यावरच मुटकुळं. एकेका फेरीला तीन दिवस आत कोंडलेले. पास होणार शंभरात एखादा. होंग श्यूछ्वान चारदा नापास झाला, मधे आजारी पडून त्याला दृष्टान्त झाले, आणि पुढे स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवून त्याने जे ताइपिंग बंड उभारलं त्यात किमान दोन कोटी माणसं मेली. आमच्या अभ्यासिकेतले निदान डिलिव्हरीची कामं करतात.

सांडगी मिरची
बायकांचा विषय दोन शब्दांत उरकलात, धन्यवाद. पोराला पहिली अक्षरं शिकवणारी बऱ्याच घरांत आईच होती. माझ्याही भावाच्या परीक्षेला घरात टीव्ही बंद, माझ्या परीक्षेच्या दिवशी पाहुण्यांना जेवायला बोलावलेलं.

गणपतमास्तर
शुद्ध गुणवत्तेच्या भक्तांनी 1397 वाचावं. त्या वर्षीच्या यादीत सगळे दक्षिणेचे निघाले. उत्तरेत बोंब झाली. फेरतपासणी केली तरी निकाल तोच. मिंग सम्राट होंगवूने काही परीक्षकांना देहान्त दिला आणि स्वतः दुसरी यादी काढली, त्यात सगळे उत्तरेचे! पुढे 1420 च्या दशकात दक्षिण, उत्तर, मध्य असे ठरीव वाटे झाले. म्हणजे आरक्षण. आता करा फॉरवर्ड.

उंटावरचा शहाणा
आलंच का शेवटी आरक्षण! मास्तर, तो प्रदेशाचा वाटा होता, जातीचा नव्हे.

गणपतमास्तर
म्हणजे प्रदेशाचा चालतो? मग 2020 साली मेडिकल प्रवेशातला 70:30, म्हणजे 70 टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना आणि 30 टक्के राज्यभराला, रद्द झाला तेव्हा कुठल्या उंटावर होता? आमच्या गडचिरोलीकडे डॉक्टर टिकत नाही. इथलं पोर इथल्या कॉलेजात गेलं तर परत येण्याची आशा तरी असते.

लातूरकर
ओ मास्तर, थांबा. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, जागा मोजक्या. आमच्या पोरांनी मार्क काढायचे आणि कमी मार्कांवर दुसऱ्या विभागातली पोरं आत! माझ्या पुतणीची जागा त्या 70:30ने गेली. तुमच्या चीनच्या भाषेत आम्ही दक्षिणेतल्या सूचौ शहरवाले. सगळ्यात जास्त पास होणारे आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारे.

गणपतमास्तर
सूचौवाल्यांकडे रेशमाचा पैसा होता. लातूरकडे क्लासवाल्यांचा आहे. फी भरू शकणारा हुशार, हेच जुनाटराव वर सांगतायत.

लातूरकर
माझ्या भावाने दोन एकर विकून फी भरली. तोंड सांभाळून बोला.

कर्जत लोकल
भांडण चालू द्या, फक्त हे आजही तिथे चालतं एवढं सांगतो. मी कंपनीतर्फे सूचौमध्येच राहत होतो. गाओकाओच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवसांत शाळेजवळ हॉर्न वाजवायची बंदी, बांधकाम बंद, उशीर झालेल्या पोराला पोलीस गाडीतून सोडतात. कौतुक वाटलं. पण आमच्या लाइनवरचा सुपरवायझर हनान प्रांतातला. मुलगी सूचौत वाढलेली, पण हुकौ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, गावचा. इथे परीक्षेला बसवणं त्याला जमेना, दहावीनंतर तिला आजीकडे पाठवून दिलं. हनानमध्ये दरवर्षी दहा लाखांवर पोरं बसतात, आणि बेइजिंगच्या नामांकित विद्यापीठांत बेइजिंगच्याच पोरांना जागा सढळ. हा वाटा तर बलवानांच्याच पदरात पडतो, मास्तर.

गणपतमास्तर
मग दोष वाट्याचा की वाटणाऱ्याचा?

लातूरकर
आमचा वाटा आला की वाटणाऱ्याचा दोष, तुमचा आला की न्याय. छान.

जुनाट
धागा चीनचा होता, लातूर-गडचिरोली सीमावादाचा नाही. शहाणेराव, नाव झाकण्याची आणि नक्कल करून घेण्याची गोष्ट दिली तुम्हाला, घेऊन जा. तपासणी चोख होती. फक्त परीक्षागृहाच्या दारापर्यंत पोचणाऱ्यांचीच.

उंटावरचा शहाणा
उपकार झाले. आता चोख तपासणी झालेली आपली एक भरती दाखवा, मग आपण दाराबद्दल बोलू.

उत्तरपत्रिका
दाखवा, दाखवा. मी अजून त्या निकालाची वाट बघतोय.