पिशवी खणातच, बिल मात्र लागलेलं

'न दिलेल्या औषधाचं बिल सरकारला लागलं म्हणजे काउंटरवरच्या माणसानेच हात मारला' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. अमेरिकेत फार्मसीत काम केलंय, म्हणून सांगते. तिथे क्लेम, म्हणजे विमा योजनेकडे औषधाच्या पैशांची मागणी, पेशंट यायच्या आधीच जातो. गोळ्या मोजून होण्याआधी मेडिकेड किंवा मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनांची मंजुरी काही सेकंदांत येते, मग लेबल चिकटवून पिशवी आडनावाच्या अक्षराच्या खणात. न्यायला कुणी आलंच नाही, तर ठरावीक दिवसांनी गोळ्या परत फळीवर आणि क्लेम रद्द. पहिलं काम होतंच, कारण खण ओसंडून वाहतो. दुसरं राहिलं तर कुणाला दिसतंय!

वॉलग्रीन्स या तिथल्या औषध दुकानांच्या साखळीचं २०२४ चं प्रकरण हेच. २००९ ते २०२० या काळात कुणी न नेलेल्या औषधांची बिलं सरकारी योजनांना लावली, असा आरोप होता, तडजोड १०.६८ कोटी डॉलरना झाली. आधीच परत केलेले सुमारे ६.६३ कोटी त्यात धरले गेले, आणि कंपनीने सॉफ्टवेअरही सुधारलं. पण अकरा वर्षं? तेवढ्यापुरती मी तुमच्या बाजूने.